आतल्याचं चालतं

१

दामिनीची झोप उडाली ती एका प्रश्नामुळे, आणि तो प्रश्न तिनंच विचारला होता. ज्या गोष्टीचं उत्तर आपल्याला ऐकवणार नाही नेमकी तीच विचारायची, हा तिचा जुना स्वभाव. लेकीच्या, जुईच्या, बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरीणबाई शेवटी कंटाळून म्हणाल्या होत्या, तुम्ही कॉलेजात संख्याशास्त्र शिकवता ना, मग शक्यता किती कमी आहे हे मी काय सांगू तुम्हाला? त्यावर दामिनी म्हणाली होती, मॅडम, शक्यता कमी असते ती लाखभर बायांची. माझी एकटीची कुठे असते?

तिचा नवरा कुलदीप विमान चालवायचा. म्हणजे अजून सहवैमानिकच होता. पण बाळापूरकडे संत्रा आणि कांदा काढणाऱ्या घरातून आभाळात गेलेला तो पहिलाच, म्हणून अकोल्याच्या सगळ्या नातेवाइकांत तो पायलट. ड्युटीचे दिवस मुंबईत आणि सुटीचे अमरावतीत, बडनेरा रोडच्या फ्लॅटमध्ये, बायकोपोरीजवळ.

त्या दिवशी जेवताना तो कॉकपिटच्या दाराबद्दल सांगत होता. गोळी झाडली तरी पार होत नाही असं दार. बाहेर आकड्यांची बटणं असतात. आतले दोघं उत्तर देईनासे झाले, समजा बेशुद्ध पडले, तर बाहेरच्या एअर होस्टेस मुली आकडे दाबतात. आत बझर वाजत राहतो आणि कोणी काही केलं नाही तर थोड्या वेळानं दार आपोआप उघडतं. पण आतला शुद्धीवर असेल आणि त्याला उघडायचं नसेल, तर त्याच्या हाताशी एक छोटा खटका असतो. तो 'नाही'वर टाकला की बाहेरचे आकडे फुकट. दार फोडायची कुऱ्हाड असते, तीही आतच.

"आतल्याचं चालतं," कुलदीप म्हणाला.

"आणि बाहेर कोणी रडत असलं तर?"

"रडणं ऐकून दार उघडायचं नसतं. रडणं ऐकू आलं तर अजिबातच नाही. विमान जवळच्या विमानतळावर उतरवायचं, बाकी काही नाही."

इथे थांबायला हवं होतं. दामिनी थांबली नाही. "बाहेर मी असले तर? मी आणि जुई?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि नुसताच हातात धरला. चारचौघांत तो स्वच्छ पुस्तकी बोलायचा. खरं सांगायचं झालं की जीभ थेट बाळापूरला उतरायची. "नाई उघडणार," तो म्हणाला. "उघडलं तं सगळेच जातीन ना व."

उत्तर बरोबर होतं. दामिनीनं पेपर तपासला असता तर पूर्ण गुण दिले असते. अंथरुणावर मात्र ती छताकडे बघत पडून राहिली. विमानात ती वर्षातून एखाद्या वेळी बसायची, म्हणजे तसं काही घडण्याची शक्यता जवळपास शून्य. पण आपण बाहेर रडत आहोत, आत आपलंच माणूस आहे आणि ते शांतपणे समोर बघत बसलं आहे, हे चित्र काही केल्या पुसेना. आणि त्याहून एक बारीक गोष्ट टोचत होती. हे सगळं बोलणं चाललेलं असताना जुई शेजारीच बसून वरणभात खात होती आणि तिचा घास मध्येच थांबला होता.

२

जुई साडेचार वर्षांची. तिनं सकाळी उठल्या उठल्या कॉकपिट मागितलं.

कुलदीप एखादी गोष्ट करायची म्हटली की अर्धवट करायचा नाही. त्यानं माळ्यावरून अवजारांची पेटी काढली आणि जुईच्या खोलीचं दार दुपारपर्यंत विमानाचं करून टाकलं. जुईच्या डोळ्याच्या उंचीवर भिंग बसवलं, बाहेर बॅटरीची बेल लावली, आत तिच्या हाताला येईल अशी नवी कडी ठोकली. खिडकीतल्या कूलरसमोर दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, त्यांवर फोमच्या उश्या. कूलर सुरू झाला की खोली खरंच विमानासारखी घुमायची.

आतल्या कडीवरून दामिनीचं बिनसलं. पोरीनं कोंडून घेतलं तर? तिनं तीन-चार प्रकारची मरणं भरभर मांडून दाखवली, तेव्हा कुलदीपनं तिला सोय दाखवली. कडीला नायलॉनची दोरी बांधलेली. दोरी आतून वर, चौकटीच्या पार वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर. बाहेरून ओढली की कडी सरकते आणि दार उघडतं.

"आणि ही आतली खुंटी?" भोकाशेजारी लाकडाची एक छोटी खुंटी ठोकलेली होती.

"तो खटका. हिच्यावर दोरीचे दोन वेढे घातले की बाहेरून कितीही ओढ, कडी हलणार नाही. खऱ्यासारखं नको का? पण बघ, कुठे लावली आहे. मलाही टाचा उचलाव्या लागतात. आपल्या पायलटबाईंना 'नाही' म्हणताच येणार नाही."

हे कबूल करावंच लागलं. दामिनीनं स्वतः टाचा उंच करून पाहिलं. तिचीसुद्धा बोटं खुंटीच्या खालीच राहिली.

मग बापानं लेकीला नियम शिकवले. बेल वाजली की आधी भिंगातून बघायचं. कोण आहे विचारायचं. बरोबर आणखी कोणी आहे का विचारायचं. बाहेरचं माणूस रडलं तरी उघडायचं नाही. आणि आत कधी एकट्यानं बसायचं नाही. एक पायलट शू करायला बाहेर गेला तर बाहेरचं कोणीतरी आत येऊन बसतं, तो परत येईपर्यंत. बऱ्याच कंपन्यांत अशी पद्धत आहे, तो दामिनीला म्हणाला. आत एकटं राहिलेल्या माणसाच्या डोक्यात काय येईल हे कोणी सांगावं.

जुईनं सगळं मान हलवून ऐकलं. दुसऱ्या दिवशी कुलदीप मुंबईला गेला. अवजारांची पेटी त्यानं परत माळ्यावर ठेवली होती. माळा जुईच्याच खोलीत होता.

३

मे महिन्यात वऱ्हाडात दुपार ही रात्रीपेक्षा सामसूम असते. दुकानांची शटरं खाली, रस्ते पांढरे, प्रत्येक खिडकीत कूलरची घरघर. अशा एका दुपारी दामिनी जुईशेजारी सहवैमानिक होऊन बसली होती, आणि दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेली.

कूलरच्या आवाजातून जुईचं बोलणं ऐकू येत होतं. पोरं एकटी बोलतातच. दामिनीला खटकलं ते बोलणं नव्हतं, थांबणं होतं. जुई काहीतरी म्हणायची, थांबायची, मग पुढचं म्हणायची. ती थांबायची ते अगदी मापात. कोणाचं लहान उत्तर असेल तेवढंच लहान, लांब असेल तेवढंच लांब. एकदा तर ती बोलता बोलता मध्येच गप्प झाली, कोणी वाक्य तोडल्यावर माणूस होतं तशी.

"कोणाशी बोलत होतीस ग?" दामिनीनं दोरी ओढून आत येऊन विचारलं.

"दुसरीशी."

"दुसरी कोण?"

"तू बाहेर गेलीस ना, मग ती आली. एकट्याला ठेवायचं नसतं."

"मग आता कुठे गेली?"

जुईनं तिच्याकडे ढ मुलीकडे बघावं तसं बघितलं. "आता तू आहेस ना. आपण दोघी असल्यावर ती कशाला थांबेल?"

"आली कुठून? दारातून?"

जुई विचारात पडली. हा मुद्दा तिच्याही लक्षात आला नव्हता. "मी तर कडी लावली होती," ती म्हणाली.

दामिनी हसली, आणि हसता हसता तिची नजर दुसऱ्या खुर्चीवर गेली. उशी खोल दबलेली होती आणि हळूहळू, फोम भरतो तशी, वर येत होती.

जुई पहिल्या खुर्चीवर होती. दामिनीला उठून बराच वेळ झाला होता. दूध उकळून, गार करायला ठेवून ती आली होती. तिनं उशीवर तळवा दाबून पाहिलं. सोडल्याबरोबर उशी टुणकन वर आली. मग फोम जुना असेल. मग उन्हानं मऊ पडला असेल. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये हे ती स्वतः मुलांना शिकवत आली होती. त्याच नियमानं प्रयोग पुन्हा करायला हवा होता. तो तिनं केला नाही.

या वयात मुलांना काल्पनिक मैत्रिणी असतात, तल्लख मुलांना जास्तच असतात, असं तिनं फोनवर वाचलं. तल्लख शब्द वाचून अर्धी भीती गेली; आयांना असंच गुंडाळतात. कुलदीपला सांगितलं तर तो खूश झाला. लेकीनं नियम बरोबर उचलला म्हणाला, आणि त्या दुसरीला माझा नमस्कार सांग म्हणाला. दामिनीनं तो निरोप काही पोचवला नाही.

४

जूनच्या तोंडावर सासूबाईंचा फोन आला. कुरडया घालायच्या होत्या, हाताखाली कोणीतरी हवं होतं. दामिनीला कुरडया घालण्याची हौस कधीच नव्हती, पण ती ज्या वेगानं बॅग भरून अकोल्याच्या एसटीत बसली तो वेग पाहून तिचं तिलाच हसू आलं.

अकोल्याला गोदाबाईंच्या गच्चीवर पहाटेपासून गव्हाच्या चिकाचं पातेलं रटरटत होतं. जुईला असल्या गोष्टी फार आवडायच्या. गेल्या वर्षी तिनं कोपरापर्यंत चीक माखून घेतला होता. यंदा ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. जेवली नाही. संध्याकाळी आजीनं मांडीवर घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली की ती तिथे एकटी आहे.

"कोण व?" गोदाबाई म्हणाल्या.

"दुसरी. आम्ही दोघीपण बाहेर आलो. मग ती आत येऊन बसली असेल. आता तिला सोडवायला कोणी जाणारच नाही."

गोदाबाईंनी सुनेकडे पाहिलं. "काय व दामिनी, कोनाले कोंडून आली तू घरात?"

दामिनीनं खेळ समजावून सांगितला. तो सांगताना किती साधा वाटत होता. सासऱ्यांनी, महादेवरावांनी, पेपराआडून शेरा मारला की आमचा पोरगा शिकला त्याच्यापेक्षा नात जास्त शिकून राहिली. सगळे हसले. गोदाबाई मात्र नातीच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. नंतर भांडी घासताना त्या दामिनीला हळूच म्हणाल्या, "हा खेळ मोड तू. मले काही समजत नाही त्याच्यातलं. पन लेकराले कोनाची राखन कराले लावू नये. सुटत नाही मंग ते."

मोडते, दामिनी म्हणाली. पण खेळ मोडायचा म्हणजे भिंग, कडी, दोरी काढायची, त्याला अवजारं हवीत, आणि अवजारं त्या खोलीत. कुलदीप आला की त्यालाच सांगू असं तिनं ठरवलं. ठरवल्यावर जरा हलकं वाटलं.

परत अमरावतीला आल्या तेव्हा फ्लॅट बंद हवेनं कोंदला होता. जाताना हवा खेळावी म्हणून दामिनीनं आतली सगळी दारं उघडी ठेवली होती. जुईच्या खोलीचं दार लागलेलं होतं. दोरी ओढल्यावर उघडलं. आतल्या दोन खुर्च्यांपैकी एक कूलरकडे तोंड करून होती, जशी ठेवली होती तशी. दुसरी दाराकडे वळलेली होती.

कुंड्यांना पाणी घालायला किल्ली वॉचमनच्या बायकोकडे, माणिकबाईंकडे दिली होती. दामिनीनं त्यांना खालून बोलावून घेतलं.

"म्या त त्या खोलीत पायच नाई टाकला," माणिकबाई म्हणाल्या. "आतून कडी होती ना ताई. मले वाटलं तुमी लवकर आल्या अन झोपल्या."

जुई तोवर आत जाऊन पहिल्या खुर्चीवर बसली होती. केवढी सुटका दिसत होती तिच्या चेहऱ्यावर.

५

कुलदीप सुटीवर यायला एक दिवस उरला होता. दामिनीनं त्या दिवशी जुईला नजरेआड केलं नाही. भाजीसुद्धा दिवाणखान्यात बसून निवडली. दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, कूलर थांबला आणि सबंध इमारत एकदम एवढी गप्प झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. खालून कोणीतरी ओरडून विचारलं, तुमच्याकडेही गेली का. दामिनी उत्तर द्यायला गॅलरीत गेली. तेवढंच. परत वळली तर जुई जागेवर नव्हती आणि खोलीचं दार बंद होतं.

तिनं बेल वाजवली. भिंगातला उजेडाचा ठिपका विझला. आतून डोळा लागला होता.

"कोण आहे?"

"मी आहे ग. आई. उघड."

"बरोबर कोणी आहे का?"

"कोणी नाही. जुई, उघड बेटा, आत हवा नाही."

कूलरशिवाय त्या खोलीत दामिनीनं कधी काही ऐकलं नव्हतं. आता ऐकू आलं: जुईचं कुजबुजणं, आणि त्यानंतरचं थांबणं. कुजबुजीला उत्तर आलं असेल तर ते तिला ऐकू आलं नाही. मात्र थांबणं संपलं तेव्हा जुई 'बरं' म्हणाली.

"आई, ती म्हणते नको."

दामिनीनं हात उंच करून दोरी धरली आणि ओढली. दोरी ताणली आणि जागेवर थांबली. कडी हलली नाही. अडकली असेल. फुगली असेल. लाकूड उन्हात फुगतं का आकसतं हे तिला त्या क्षणी आठवेना. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. काही नाही.

"जुई, तू खुंटीला हात लावलास? खुर्चीवर चढलीस का?"

"मी इथे आहे," जुई म्हणाली. आवाज खालून आला, भिंगापासून, दाराच्या अगदी जवळून. ठिपका अजून काळाच होता.

आणि तेव्हाच दोरी हलली. दामिनीच्या मुठीतून ती वर सरकू लागली. हिसका नव्हता, घाई नव्हती. तिच्या डोक्याच्याही वर, त्या कोपऱ्यातल्या भोकातून कोणीतरी ती सावकाश आत घेत होतं, आणि हात थोडा थांबवून, दुसरा वेढा घालावा तशी, पुन्हा थोडी आत घेतली.

दामिनीनं दोरी सोडली. मग ती रडली. दारावर थापा मारल्या, हाका मारल्या, नवऱ्याला फोन लावला. फोन बंद होता. कुलदीप त्याच्या दारामागे होता. शेजारच्यांची बेल वाजवावी तर लाइट नाही, आणि दारापासून हलावं तर पाय उचलत नव्हता. आपण इथून हललो की ती दुसरी जुईला सोडणारच नाही, ही गोष्ट आता तिला कोणी समजावून सांगायला नको होती.

"आई, रडू नको," आतून जुई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता आणि जरा लांबून आला. भिंगात पुन्हा उजेड दिसत होता. "रडल्यावर उघडता येत नाही. बाबांनी सांगितलंय ना."

त्या वाक्यानं दामिनी गप्प झाली. तिनं सरळ तळहातानं तोंड पुसलं. रडणाऱ्याला उघडत नाहीत. ओळखीच्यालाही उघडत नाहीत. मग उघडतात कोणासाठी? नवऱ्यानं सांगितलं होतं, लेकीला नियम शिकवताना. दार एकाच कारणानं रोजच्या रोज उघडतं.

तिनं बेल वाजवली. एकदाच. आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला, वर्गात हजेरी घेताना ठेवायची तसा.

"जुई, तुला शू लागली असेल. तू बाहेर ये. मी आत येऊन बसते."

आत काही हललं नाही.

"मी बसते तिच्याबरोबर," दामिनी म्हणाली. "तू बाहेर ये."

कुजबुज झाली. थांबणं झालं. हे थांबणं आजवरच्या सगळ्यांपेक्षा लांब होतं. मग वरच्या भोकातून दोरी बाहेर आली, सैल, आपल्या वजनानं, आणि लोंबत राहिली. कडी सरकल्याचा आवाज झाला आणि दार आत उघडलं.

जुई उंबऱ्यात उभी होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल. दामिनीनं तिला उचललं. उचलताना आत बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. खुर्च्या रिकाम्या होत्या. खोलीत बाकी काहीच नव्हतं. फक्त दाराच्या वरच्या बाजूला, खुंटीपाशी, फिकट असं काहीतरी भिंतीवरून मागे गेलं. हात म्हणावा तर त्याच्या मानानं ते फार वरून खाली आलेलं होतं.

लेकीला छातीशी धरून ती जिना उतरली. चपला नाहीत, कुलूप नाही. खाली पार्किंगमध्ये सावलीच्या पट्ट्यात माणिकबाई बसल्या होत्या, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. जुई घटाघटा प्यायली. दामिनीनं तिचे हात पाहिले, पाय पाहिले, पाठ पाहिली. काही लागलं नव्हतं. ठीक आहे, ती स्वतःला म्हणाली. बाहेर आली ना, झालं. आता कुलदीप येईपर्यंत वर जायचं नाही. अकोल्याला जाऊ. आत्ताच निघू, आहे त्याच कपड्यांवर.

तेवढ्यात लाइट आली. वर त्यांच्या खिडकीतला कूलर घरघरू लागला.

जुईनं बाटली खाली ठेवली आणि आपल्या हनुवटीला लागलेला आईचा हात बाजूला केला.

"आई, तू जा ना आता वर," ती म्हणाली. "तू बसते म्हणालीस, म्हणून तर तिनं मले सोडलं."